इमारत आणि तिला सावरणारे यंत्र : दोघांचा आराखडा एकत्र का हवा?



बडोद्यात पाहुणे आले की त्यांना केवडियाला नेऊन सरदार पटेलांचा पुतळा दाखवायचा, हा आपल्याकडे आता रिवाजच झाला आहे. १८२ मीटर उंचीच्या या पुतळ्याचे शिल्पकार राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातले, हेही आपण अभिमानाने सांगतो. एक गोष्ट मात्र सांगायची राहून जाते, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. या पुतळ्याच्या आत प्रत्येकी २५० टनांचे दोन डॅम्पर बसवलेले आहेत. वाऱ्याने पुतळा डोलू लागला की ही वजने त्याच्या उलट चालीने हलतात आणि डोलणे शमवतात.

पुतळ्याला यांची गरज का पडावी? सरदार चालण्याच्या पवित्र्यात उभे आहेत. दोन पावलांमध्ये मोकळी जागा आहे, खाली निमुळते आणि वर रुंद अशी एकूण ठेवण आहे. इंजिनिअरला विचाराल तर त्याला नेमके उलटे हवे असते, म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळते. पण शिल्पातला माणूस इंजिनिअरच्या सोयीने उभा करता येत नाही. आकार ठरलेला, मग आतला सांगाडा आणि डॅम्पर यांचाच एकमेकांशी मेळ घालणे आले.

हा मेळ घालणे हाच आजच्या लेखाचा विषय आहे. आधी इमारत बांधायची आणि मग हलते म्हणून तिला यंत्र बसवायचे, ही एक पद्धत. इमारत आणि यंत्र यांचा विचार पहिल्या दिवसापासून एकाच कागदावर करायचा, ही दुसरी. दुसरी पद्धत का चांगली, आणि त्याच पद्धतीत कोणता धोका दडलेला आहे, हे समजून घेऊ. मी कॉमर्सचा पदवीधर, उभी नोकरी बँकेत गेली. त्यामुळे समीकरणे येणार नाहीत, पण अधूनमधून बँकेची भाषा आली तर चालवून घ्यावी.

इमारत हलते म्हणजे काय होते?

प्रत्येक उंच वस्तूला स्वतःची एक लय असते. घरातला झोपाळा आठवा. त्यावर मूल बसो की आजोबा, एका फेरीला लागणारा वेळ जवळजवळ तोच राहतो, कारण तो कड्यांच्या लांबीवर ठरतो. इमारतीचेही तसेच आहे. तिचे वजन आणि ताठरपणा यांवरून तिची लय ठरते. ढोबळ हिशोब असा, की मजल्यांच्या संख्येला १० ने भागले की एका हेलकाव्याला किती सेकंद लागतील याचा अंदाज येतो. दहा मजल्यांना साधारण एक सेकंद, पन्नास मजल्यांना साधारण पाच.

झोपाळ्याला त्याच्या लयीत हलकेसे ढकलत राहिले तरी झोका मोठा होत जातो. वाराही असेच करतो. उंच इमारतीच्या दोन्ही कडांवरून जाताना वारा आलटून-पालटून भोवरे सोडतो. त्या भोवऱ्यांची चाल इमारतीच्या लयीशी जुळली की इमारत वाऱ्याच्या दिशेला आडवी डोलू लागते. यात इमारत पडायची भीती सहसा नसते. पण वरच्या मजल्यावरच्या माणसांना भोवळ येते, मळमळते, झुंबरे हलतात. अशी जागा भाड्याने कोण घेणार?

झोपाळा ढकलणे थांबवले की तो हळूहळू आपोआप थांबतो, कारण कड्यांचे घर्षण त्याची गती खाऊन टाकते. इमारतीतही सांधे, भिंती, काँक्रीट अशी गती थोडीथोडी खात असतात. अभियांत्रिकीच्या मराठी पुस्तकांत याला 'अवमंदन' म्हणतात. पोलादी सांगाड्याच्या उंच, हलक्या इमारतीत हे अवमंदन फार थोडे असते. ते बाहेरून वाढवणे हे डॅम्परचे काम. अवमंदन चौपट झाले, तर वाऱ्यामुळे येणारे लयबद्ध डोलणे साधारण निम्म्यावर येते. इमारत निम्मी हलावी म्हणून तिच्यात पोलाद ओतत बसण्यापेक्षा हे पुष्कळदा स्वस्त पडते.

तीन तऱ्हेची यंत्रे

पहिली तऱ्हा निष्क्रिय. म्हणजे वीज नको, संगणक नको. तैवानमधल्या 'तैपेई १०१' या ५०८ मीटर उंच इमारतीत ६६० टनांचा पोलादी गोळा जाड तारांनी टांगलेला आहे. इमारत डावीकडे गेली की गोळा मागे रेंगाळतो आणि तिला उजवीकडे ओढतो. त्याला जोडलेले तेलाचे दट्टे ही गती खाऊन तिची उष्णता करतात. २०१५ च्या सौदेलॉर वादळात हा गोळा मध्यापासून तब्बल एक मीटर हलला होता. आपल्याकडचा पुतळाही याच कुळातला.

दुसरी तऱ्हा सक्रिय. इथे संवेदक इमारतीची हालचाल मोजतात, संगणक हिशोब करतो आणि हायड्रॉलिक किंवा विजेची यंत्रणा एका वजनाला नेमक्या क्षणी ढकलते. वजन एकीकडे ढकलले की त्याची प्रतिक्रिया म्हणून इमारतीला दुसरीकडे धक्का बसतो. पुरात नेल्या जाणाऱ्या नावेत नावाडी बसल्या जागी डावी-उजवी बाजू सावरतो, तसे हे आहे. इमारतींसाठी ही कल्पना जेम्स याओ यांनी १९७२ साली एका शोधनिबंधात नीट मांडली. ती प्रत्यक्षात आली १९८९ मध्ये, टोकियोच्या क्योबाशी सेइवा इमारतीत. अकरा मजले, सुमारे ३३ मीटर उंची आणि रुंदी जेमतेम चार मीटर, म्हणजे जणू उभी ठेवलेली पुस्तकाची प्रत! तिच्या माथ्यावर दोन हलती वजने ठेवली. सुमारे ४ टनांचे एक आडवे डोलणे रोखायला आणि १ टनाचे दुसरे इमारतीचे पिळणे रोखायला.

तिसरी तऱ्हा अर्धसक्रिय. इथे यंत्र स्वतः इमारतीला ढकलत नाही. तेलाच्या दट्ट्यातली झडप किती उघडायची एवढेच संगणक ठरवतो. जोर इमारतीच्या हालचालीतूनच येतो, वीज लागते ती फक्त झडपेला. जपानमध्ये काजिमा कंपनीच्या शिझुओका इथल्या पाच मजली इमारतीत १९९८ साली असे आठ दट्टे बसवले. प्रत्येकाचा जोर सुमारे १०० टनांपर्यंत, आणि वीज लागते फक्त ७० वॉट. आपल्या जुन्या पिवळ्या दिव्याएवढी.

वेगवेगळा विचार केला की काय होते?

बँकेत एखाद्या कारखान्याचे टर्म लोन एका टेबलावर आणि खेळत्या भांडवलाची कॅश क्रेडिट दुसऱ्या टेबलावर मंजूर झाली, आणि दोघांनी एकमेकांची फाईल पाहिलीच नाही, तर काय होते हे आमच्या व्यवसायातल्या लोकांना ठाऊक आहे. दोन्ही मंजुऱ्या आपापल्या जागी बिनचूक असतात. पण मशीन मोठे आणि कच्चा माल घ्यायला पैसा नाही, असा कारखाना उभा राहतो. इमारत आणि तिचे यंत्र यांचेही असेच होते.

लंडनचा मिलेनियम पूल पाहा. थेम्स नदीवरचा हा फक्त पादचाऱ्यांचा, अतिशय सडपातळ आणि देखणा पूल. १० जून २००० रोजी तो खुला झाला आणि हजारो लोक त्यावर चालू लागले. पूल थोडा आडवा हलला. तोल सांभाळण्यासाठी माणसे नकळत त्याच्या लयीत पावले टाकू लागली, त्यामुळे पूल आणखी हलला, म्हणून आणखी माणसे त्या लयीत आली. दोन दिवसांत पूल बंद करावा लागला. पुलाची ताकद कमी नव्हती, तो पडणारही नव्हता. कमी होते ते आडव्या दिशेचे अवमंदन. शेवटी ३७ द्रवाचे दट्टे आणि पन्नासाहून अधिक वजनाचे डॅम्पर पुलाखाली बसवावे लागले. फेब्रुवारी २००२ मध्ये पूल पुन्हा उघडला. मूळ खर्च सुमारे १८० लाख पौंड, दुरुस्तीचा सुमारे ५० लाख. म्हणजे पाव हिश्शाहून जास्त वाढीव खर्च आणि वर वीस महिने पूल बंद. हेच दट्टे पहिल्या आराखड्यात असते, तर त्यांची जागा, जोडणी आणि किंमत सगळेच सोपे झाले असते.

दुसरे उदाहरण जमिनीवरचे नाही, अंतराळातले आहे. एकत्रित आराखड्याच्या विचाराला मोठी चालना तिथूनच मिळाली. उपग्रहाचे लांब पंख वजन वाचवण्यासाठी अगदी हलके आणि म्हणून लवचीक करावे लागतात. आणि त्याच उपग्रहाला वळवणारी, स्थिर ठेवणारी यंत्रणा त्या लवचीक अंगाला सतत धक्के देत असते. १९९० मध्ये सोडलेल्या हबल दुर्बिणीच्या आरशातला दोष सर्वांना माहीत आहे. पण तिला आणखी एक दुखणे होते. पृथ्वीच्या सावलीतून उन्हात किंवा उन्हातून सावलीत जाताना तिचे सौर पंख तापमानाच्या फरकाने एकदम आकसत-प्रसरत आणि थरथरत. ती थरथर दुर्बिणीचा नेम हलवी. दुर्बीण स्थिर ठेवणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत बदल करून ती थोडीफार आवरावी लागली. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन पंखच बदलले, तेव्हा त्यात सुधारणा झाली. पंख आणि नेम धरणारी यंत्रणा यांना वेगवेगळे समजून चालत नाही, हा धडा त्यातून मिळाला.

एकत्र आराखडा म्हणजे नेमके काय करतात?

अडचण अशी आहे की सगळे एकमेकांत गुंतलेले असते. इमारतीचे खांब जाड केले की तिचा ताठरपणा वाढतो आणि लय बदलते. लय बदलली की डॅम्परची लयही बदलावी लागते. मोठा डॅम्पर माथ्यावर ठेवला की त्याचे वजन पेलायला पुन्हा खांब जाड! वर्तुळच हे. म्हणून दोन्ही बाजूंचे इंजिनिअर एकत्र बसतात. खांबांची जाडी, डॅम्परचे वजन, त्याची जागा, संगणकाने किती जोरात आणि किती लवकर प्रतिसाद द्यायचा, हे सारे आकडे एकाच वेळी बदलत पाहतात. हवे असते ते कमीत कमी एकूण खर्चात आणि वजनात, ठरलेल्या मर्यादेच्या आत राहणारे डोलणे. सर्वांत चांगली इमारत अधिक सर्वांत चांगले यंत्र म्हणजे सर्वांत चांगली जोडी होतेच असे नाही. लग्न जमवणाऱ्या मंडळींना हे वेगळे सांगायला नको.

या एकत्र बसण्यातून काय साधते ते पाहू.

पहिली गोष्ट जागा. झोपाळ्याला वरच्या कडीजवळ धरून थांबवायला गेलात तर हात दुखतील. बसायच्या पाटाला धरलेत तर चटकन थांबेल. जिथे इमारत सर्वांत जास्त हलते तिथेच यंत्राचा उपयोग होतो, आणि ती जागा बहुधा माथ्याजवळ असते, म्हणजेच विकायला सर्वांत महाग मजल्यांवर. शिवाय लोलकाची लय सात सेकंदांची हवी असेल तर त्याची लांबी सुमारे बारा मीटर भरते. तीन-चार मजल्यांची पोकळी आधी राखून ठेवली नसेल तर ती नंतर कुठून आणणार? तैपेईच्या इमारतीत ८७ ते ९२ या मजल्यांचा गाभा त्या गोळ्यासाठी मोकळा ठेवलेला आहे. लपवून न ठेवता तो पर्यटकांना दाखवण्याची सोयही तिथे आहे.

दुसरी गोष्ट वजन. इमारतीत जड वस्तू तशाही असतातच. त्याच कामाला लावल्या तर? टोकियोच्या सेंदागाया इंटेस या अकरा मजली इमारतीत वातानुकूलनासाठी बर्फ साठवणाऱ्या टाक्या हव्याच होत्या. त्याच टाक्या माथ्यावर सरकत्या ठेवून सक्रिय डॅम्परची वजने म्हणून वापरल्या. नुसते हलवण्यासाठी वेगळे वजन वर चढवावे लागले नाही. चीनमधल्या ६०० मीटर उंच कँटन टॉवरमध्ये आगीसाठी राखलेल्या पाण्याच्या दोन मोठ्या टाक्या, प्रत्येकी सुमारे ६०० टनांच्या, डॅम्पर म्हणून हलतात. त्यांच्यावर लहान सक्रिय वजने आहेत, ती या टाक्यांना मदत करतात. लहान वजनांची यंत्रणा बंद पडली तरी टाक्या आपल्या लयीत काम करतच राहतात. ही शेवटची ओळ लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

तिसरी गोष्ट वेळ. सक्रिय यंत्राला मोजायला, हिशोब करायला आणि ढकलायला थोडा वेळ लागतो. झोपाळा थांबवताना अर्धा सेकंद उशीर झाला तर आपण त्याला थांबवण्याऐवजी उलट झोकाच देऊन बसतो. इमारत जितकी ताठर, तितकी तिची लय जलद, आणि तितकी उशिराला माफी कमी. म्हणजे खांब किती जाड करायचे या प्रश्नाच्या उत्तरात संगणक आणि दट्टे किती चपळ आहेत हेही येते.

चौथी गोष्ट यंत्राची गरजच कमी करणे. ६३२ मीटर उंच शांघाय टॉवर वर जाता जाता १२० अंशांत पिळलेला आहे. या आकारामुळे वाऱ्याचा भार सुमारे २४ टक्क्यांनी घटला, आणि उरलेल्या डोलण्यासाठी १००० टनांचा डॅम्पर ठेवला. दुबईच्या ८२८ मीटर उंच बुर्ज खलिफात तर असा डॅम्परच नाही. उंचीबरोबर त्याचा आकार पायऱ्यापायऱ्यांनी बदलत जातो, त्यामुळे वाऱ्याच्या भोवऱ्यांना एक लय धरताच येत नाही. यंत्र नको असे ठरवणे हाही एकत्र विचाराचाच निकाल आहे.

सिटिकॉर्पची गोष्ट : यंत्र म्हणजे तारण नव्हे

आता धोक्याकडे येऊ. एकत्र विचार केला की इमारत सडपातळ करता येते, पोलाद वाचते. पण मग प्रश्न उरतो : यंत्र बंद पडले तर?

न्यूयॉर्कमध्ये १९७७ साली सिटिकॉर्प बँकेची ५९ मजली कचेरी उभी राहिली. जागेच्या एका कोपऱ्यात जुने चर्च होते. त्यासाठी जागा सोडायची म्हणून इमारतीचे खांब कोपऱ्यांवर न ठेवता प्रत्येक बाजूच्या मध्यावर ठेवले आणि अख्खी इमारत नऊ मजले उंच पायांवर उचलली. इंजिनिअर विल्यम लेमेशुरिए यांनी तिरप्या पोलादी पट्ट्यांचा हुशार सांगाडा योजला. सांगाडा हलका असल्यामुळे इमारत डोलणार हे माहीत होते. म्हणून माथ्यावर ४०० टनांचा काँक्रीटचा ठोकळा ठेवला. डोलणे ठराविक मर्यादेपलीकडे गेले की पंप चालू होत, ठोकळा तेलाच्या पातळ थरावर तरंगे आणि सरकू लागे. डोलणे निम्म्यावर यावे असा हिशोब होता. पण पंपांना वीज लागते.

१९७८ मध्ये लेमेशुरिए यांनी कोपऱ्याच्या दिशेने येणाऱ्या तिरप्या वाऱ्याचा हिशोब पुन्हा केला. सांगाड्याचे सांधे मूळ विचाराप्रमाणे वेल्डिंगने न जोडता बोल्टने जोडले गेले होते, हेही त्यांना कळले होते. त्यांच्या त्या वेळच्या हिशोबात सांध्यांवरचा ताण धोकादायक निघाला. डॅम्पर चालू असेल तर इमारत पाडू शकेल असे वादळ सरासरी ५५ वर्षांतून एकदा. आणि वीज जाऊन डॅम्पर बंद पडला तर? सरासरी १६ वर्षांतून एकदा. म्हणजे दरसाल सुमारे सहा टक्के जोखीम! आणि वीज नेमकी वादळातच जाते, हे आपल्याला गुजरातमध्ये कोणी शिकवायला नको.

लेमेशुरिए यांनी ही गोष्ट झाकून न ठेवता बँकेला सांगितली. डॅम्परला आणीबाणीचा जनरेटर जोडला. रात्री कर्मचारी गेल्यावर वेल्डर येत आणि दोनशेहून अधिक सांध्यांवर दोन इंच जाडीच्या पोलादी पट्ट्या जोडत. काम चालू असताना सप्टेंबरमध्ये एला नावाचे वादळ किनाऱ्याकडे येऊ लागले, पण ते समुद्रात वळले. दुरुस्ती पुरी झाल्यावर इमारत डॅम्पर नसतानाही ७०० वर्षांतून एकदा येणाऱ्या वादळाला पुरी पडेल अशी झाली. आजूबाजूच्या रहिवाशांना मात्र त्या वेळी यातले काही कळवले गेले नाही. हे प्रकरण लोकांसमोर आले ते १९९५ मध्ये. त्या मौनावर आजही टीका होते आणि ती रास्त वाटते. तिरप्या वाऱ्याच्या त्या हिशोबाबद्दल पुढे तज्ज्ञांत मतभेदही झाले. पण आपल्या विषयापुरता धडा कायम राहतो.

तो धडा बँकेच्या भाषेत असा. इमारतीची स्वतःची ताकद म्हणजे भांडवल. डॅम्पर म्हणजे ओव्हरड्राफ्टची सोय. सोय जरूर वापरावी, तिच्यामुळे धंदा सुरळीत चालतो. पण ओव्हरड्राफ्टला भांडवल समजून चालणारा व्यापारी अडचणीच्या दिवशीच बुडतो, कारण सोय नेमकी त्याच दिवशी बंद होते. म्हणून चांगल्या एकत्र आराखड्यात एक हिशोब सक्तीने करायला हवा : यंत्र बंद आहे असे धरून. त्या स्थितीत इमारत अधिक हलली, लोकांना भोवळ आली, तरी चालेल. पण ती उभी राहिली पाहिजे. कँटन टॉवरच्या टाक्यांत हीच शहाणपणाची गोष्ट आहे. शिझुओकाच्या अर्धसक्रिय दट्ट्यांना जोर विजेतून नव्हे तर इमारतीच्या हालचालीतून मिळतो, तिथेही अवलंबून राहण्याचे प्रमाण त्यामुळे कमी होते.

आपल्यापुरते काय?

२६ जानेवारी २००१ ची सकाळ आपण कोणीच विसरलेलो नाही. त्या भूकंपात अहमदाबादेत ज्या बहुमजली इमारती कोसळल्या, त्यांतल्या अनेकांचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. तिथे डॅम्पर नव्हता म्हणून इमारती पडल्या असे नाही. मूळ सांगाड्यातच दुबळेपणा होता. माथ्यावरचे वजन वाऱ्याच्या लांबलेल्या डोलण्यात उपयोगी पडते. भूकंपाचा पहिला तडाखा काही सेकंदांचा, तेवढ्यात ते पुरते कामाला लागतही नाही. भूकंपासाठी खांब-तुळयांची लवचीक मजबुती आधी, बाकी सगळे नंतर. भूजच्या नव्या जिल्हा रुग्णालयाची इमारत शिसे आणि रबराच्या गाद्यांवर उभी आहे. जमीन हलली तरी वरच्या इमारतीला कमी धक्का बसावा अशी ती योजना आहे, आणि तिला वीज लागत नाही. पाया आणि इमारत यांचा एकत्र विचार केल्याचे हे आपल्या जवळचे उदाहरण.

आपल्याकडच्या पंधरा-वीस मजली काँक्रीटच्या इमारतींना डॅम्परची सहसा गरज नसते. पण आपली मुले आता मुंबईत आणि परदेशांत चाळीस-पन्नास मजली टॉवरमध्ये घरे घेत आहेत. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'डॅम्पर' हा शब्द दिसला तर दबून न जाता, कर्ज मंजूर करताना विचारतो तसे चार प्रश्न विचारावेत :

१. हे यंत्र आरामासाठी आहे की सुरक्षिततेसाठी? आरामासाठी असेल तर उत्तम. सुरक्षिततेसाठी असेल तर पुढचा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

२. यंत्र पूर्ण बंद असताना इमारत नियमांप्रमाणे वारा आणि भूकंप यांना पुरी पडते का? स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हे लेखी मिळते का?

३. त्याला वीज लागते का? लागत असेल तर जनरेटर कोणता, आणि तो लिफ्टच्या जनरेटरपासून वेगळा आहे का?

४. ताबा मिळाल्यावर देखभाल कोण करणार आणि त्याची तरतूद सोसायटीच्या कोणत्या फंडात आहे? संवेदक, तेल, झडपा यांची तपासणी दरवर्षी लागते. बिल्डर निघून जातो, यंत्र आपल्याकडे राहते.

आणखी एक सूचना. काही इमारतींत माथ्यावरच्या पाण्याच्या टाक्याच डॅम्परचे काम करतात. व्हँकुव्हरच्या वन वॉल सेंटरमध्ये अशी व्यवस्था आहे. टाकीतले पाणी ठरलेल्या पातळीला असेल तरच तिची लय इमारतीशी जुळते. 'एवढे पाणी उगाच कशाला साठवायचे' म्हणून कमिटीने ते कमी केले, की आराखड्यातला अर्धा भागीदारच कामावरून काढल्यासारखे होईल. माथ्यावर नंतर जड बांधकाम केले तरी लय बदलते. म्हणून इमारत आणि यंत्र एकत्र आखलेली असतील, तर पुढची सगळी वर्षे त्यांना एकत्रच सांभाळावे लागते. देखभालीची वही आणि मूळ नकाशे सोसायटीच्या कपाटात असलेच पाहिजेत, आणि नव्या कमिटीला चार्ज देताना तेही मोजून द्यावेत.

पुढच्या वेळी पाहुण्यांना घेऊन केवडियाला जाल तेव्हा उंचीचा आकडा सांगून झाल्यावर आतल्या त्या दोन अदृश्य सोबत्यांबद्दलही जरूर सांगा. मंडळात स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकीतली बरीच अनुभवी मंडळी आहेत. त्यांनी या विषयात भर घातली, काही दुरुस्ती सुचवली, तर सर्वांनाच फायदा होईल.